आपलपोटीचं पान

मी मालवणातल्या एका शाळेत मराठी शिकवते. गेल्या महिन्यात सातवीच्या वर्गात समानार्थी शब्द चालले होते. फळ्यावर 'स्वार्थी' लिहिलं. मुलांनी 'मतलबी' सांगितला, एका हुशाराने 'आपमतलबी' सांगितला, आणि मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "आपलपोटो." वर्ग हसला. घरात आजूबाजूला रोज ऐकलेला शब्द शाळेत आला की मुलं अशीच हसतात. मी तो 'आपलपोटा' असा नेसवून-सवरून फळ्यावर बसवला.

मग आमच्या शिरस्त्याप्रमाणे वाक्यात उपयोग आला. 'आपलपोट्या माणसाचा कोणाला उपयोग होत नाही,' असं एक वाक्य देऊन मी मोकळी झाले आणि मुलांनी ते निमूट उतरवून घेतलं. वर्गाबाहेर पडल्यावर मात्र ते वाक्य मला टोचत राहिलं. माझ्या आयुष्यात ज्या माणसाला हा शब्द सर्वांत जास्त वेळा लावला गेला, ती माझी काकी. आणि तिचा उपयोग असा झाला की आज माझी आई आहे.

शब्दाचा अर्थ कोशात शोधायला नको, तो शब्दातच मांडून ठेवलाय. आपलं पोट भरलं की झालं, असं मानणारा तो आपलपोटा. पण आमच्याकडे स्वार्थी माणसांचेही प्रकार असतात आणि प्रत्येकाला आपापलं बिरूद असतं. एरवी ओळख न दाखवणारा आणि सातबाऱ्याचं काम निघालं की 'काय म्हणतास' करत पडवीत येऊन बसणारा, तो कामापुरता मामा. गोड बोलून आपल्या पोळीवर तूप ओढणारा, तो मतलबी. आपलपोटो या दोघांहून साधा. त्याला कारस्थान जमत नाही. किनाऱ्यावर सगळ्यांनी मिळून रापण ओढताना जाळ्याची दोरी दोन बोटांनी धरायची आणि मासळीच्या वाट्याच्या वेळी सगळ्यांत मोठी टोपली पुढे करायची, हा आपलपोटो. भजनाला आरतीच्या सुमाराला उगवून उसळपावाच्या ताटाजवळची जागा धरायची, हाही आपलपोटो. त्याचं सगळं उघड्यावर असतं, म्हणून लोक त्याला तोंडावर बोलतात.

पुरुषाला हा शब्द लागायला एवढं तरी करावं लागतं. बाईला फार कष्ट पडत नाहीत. ती भूक लागल्यावर जेवली तरी पुरतं.

काकी शिरोड्याची. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत जायला लागले होते. आमचं घर मालवणपासून आत, तारकर्लीच्या रस्त्याला फाटा फुटतो तिथे. थोडी भातशेती, मागे माड, दगडी गडग्यापलीकडे काजूचा उतार. काका गोव्याला बोटीवर नोकरीला, सुट्टी मिळेल तसा यायचा. त्यामुळे काकीचा संसार खरं म्हणजे माझ्या आईबरोबरच झाला. दोघी जावा, एक चूल.

नवी नवरी म्हणून ती आली त्या आठवड्यातली गोष्ट घरात वर्षानुवर्षं सांगितली गेली. दुपारचं जेवण व्हायचं होतं. पुरुषमाणसं शेतातून यायची होती. काकीने ताट घेतलं, भात वाढला, त्यावर बांगड्याची आमटी घेतली आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून शांतपणे जेवली. त्या दिवशी नेमकी माझी आत्या माहेरपणाला आलेली होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, पिंगुळीला दिलेली, जिभेला धार आणि मनात काही ठेवायचं नाही. तिने विचारलं, हे काय? काकीने मान वर करून सांगितलं, "भूक लागली म्हणान जेवलंय. लोक आनी कित्याक जेवतत?"

आत्याने उत्तराऐवजी शब्द दिला. आपलपोटी. तो शब्द काकीला असा चिकटला की वाडीत तिच्या माहेरच्या नावाइतकाच तो ओळखीचा झाला.

ती नावाला जागायची, हेही सांगायला हवं. तळणीची सुरमई केली की पहिली मधली तुकडी झाकणाखाली तिची. वाढायला घेण्याआधीच ती काढून ठेवायची, लपवून नाही, सगळ्यांदेखत. फणस फोडला की पहिला गरा तिच्या तोंडात. चहा केला तर आधी स्वतःचा कप भरून मग किटली बाहेर न्यायची. आत्या म्हणायची की ही देवळात गेली तर देवाच्या आधी प्रसाद खाईल. काकी हसायची आणि म्हणायची की देवाला कुठे भूक लागते.

आणि माझी आई म्हणजे याच्या अगदी उलट टोक. आईने मधली तुकडी कधी खाल्लेली मी पाहिली नाही. तिच्या वाट्याला शेपटी, नाहीतर नुसती आमटी, नाहीतर टोपाला लागलेला भात. सगळे जेवून उठले, खरकटं निघालं, कुत्र्याला घातलं, की मग ती पाटावर बसायची. तोपर्यंत कोणीतरी दारात यायचंच. मग ती पुन्हा उठायची. गावात तिचं फार नाव होतं. घरची लक्ष्मी, अन्नपूर्णा वगैरे. तिला ते आवडायचंही. शेवटी जेवणं हा तिचा मान होता आणि तो ती कोणाला घेऊ देत नसे.

मला लहानपणी दोघींमधला एक फरक कळायचा, पण त्याचं काय करायचं ते कळायचं नाही. आई सगळं वाटून टाकायची आणि मग सुस्कारा सोडायची. तो सुस्कारा ऐकला की आम्ही दुसऱ्यांदा मागायचो नाही. काकी आपलं आधी काढून घ्यायची आणि मग जे वाढायची ते हसत, हात आखडता न घेता, आणखी घे आणखी घे करत. तिच्या हातचं जेवताना आपण कोणाच्या तोंडचं काढून घेतोय असं कधी वाटलं नाही. परीक्षेच्या दिवसांत मी मुद्दाम काकी वाढायला असेल तेव्हा जेवायला बसायची.

काका अकाली गेला. मूलबाळ नव्हतं. शिरोड्याहून भाऊ न्यायला आला, तर काकीने त्याला जेवू घातलं आणि परत पाठवलं. काकाच्या सुतकाच्या दिवसांतही ती वेळेवर जेवत होती, यावर वाडीत कुजबुज झाली. आई त्या वेळी पहिल्यांदा कोणावर तरी चिडलेली मला आठवते. ती कुजबुजणाऱ्या बाईला म्हणाली की रडायलाही अंगात काही लागतं.

मग माझं लग्न झालं, मी मालवणात राहायला आले, आणि त्यानंतर काही वर्षांनी आईला साखर निघाली. तिला आधी चक्कर यायची, पाय झिणझिणायचे. ती कोणाला सांगायची नाही, अर्थातच. कुडाळच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं त्या दिवशी मला शाळेतून सुटी मिळेना, म्हणून काकी तिच्याबरोबर एसटीने गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं की गोळी घेतली की अर्ध्या तासाच्या आत जेवायचं, उशीर करायचा नाही, उशीर झाला तर साखर एकदम खाली जाईल आणि ते जास्त वाईट. आईने मान डोलावली. डॉक्टरांपुढे मान डोलवायची आणि घरी आपलंच करायचं, ही तिची रीत. काकीने मात्र तो उपदेश मनावर घेतला. तिला तो पटायला जड गेला नाही. जन्मभर ती जे करत आली तेच एका शिकलेल्या माणसाने कागदावर लिहून दिलं होतं.

पण आईला आधी जेवायला बसवायचं कसं? माझा फोन रोज व्हायचा, मी रोज दटावायची. आई म्हणायची, हो जेवले. बाबांना विचारलं तर बाबा म्हणायचे, जेवली असेल. घरातल्या पुरुषांना बायका कधी जेवतात ते ठाऊक नसतं. मला भीती वाटायची. झोपायला पाठ टेकली की वाटायचं, उद्या कोणीतरी फोन करून सांगेल की आई चुलीपुढे पडली.

तसा फोन आला नाही, आणि तो का आला नाही हे मला एका रविवारी अचानक घरी गेले तेव्हा दिसलं. साडेअकरा झाले असतील. स्वयंपाकघरात दोन ताटं मांडलेली आणि दोघी जावा समोरासमोर जेवत होत्या. त्याच वेळी शेजारची बाई कढीपत्ता न्यायला मागच्या दारी आली. आईचा हात ताटातच थांबला, चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. काकीने तोंडातला घास संपवला आणि त्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मीच तिका बसयलंय गो. माका एकटीक जेवाण जाणा नाय. मी ही अशी आपलपोटी, तुका ठावक आसाच."

शेजारीण हसली, कढीपत्ता घेऊन गेली. आईने खाली मान घालून पुढचा घास घेतला.

मी दारातच उभी होते. ज्या बाईने आयुष्यात सोबतीशिवाय हजारो वेळा खुशाल जेवण केलं होतं, तिला एकटीला जेवण जात नव्हतं म्हणे. आईची अन्नपूर्णेची गादी शाबूत राहावी म्हणून काकी रोज आपल्यावरचा तोच जुना डाग पुढे करत होती. आई धाकट्या जावेसाठी बसते, तिचा हट्ट पुरवते, एवढंच गावाला दिसायचं. आईलाही तेवढंच दिसावं, अशी काकीची तजवीज होती. मी तिला नंतर माडाखाली गाठून म्हटलं की काकी, तू केवढं करतेस. ती म्हणाली की मी काही करत नाही, मी जेवते.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, पण म्हाळाचा दिवस काकीच्या हिशेबातही बसणारा नव्हता.

म्हाळ म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध. आमच्या घरी त्या दिवशी पहाटेपासून चूल पेटते. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबार, भोपळ्याची भाजी, अळू, तांदळाची खीर. घरातलं कोणी काही चाखत नाही, मीठसुद्धा अंदाजाने. पितरांसाठी केळीच्या पानावर वाढतात, त्याला वाडी म्हणतात, आणि ती मागच्या गडग्यावर नेऊन ठेवतात. कावळा येऊन शिवला की पितर जेवले. त्यानंतर भटजी, पाहुणे, पुरुष, मुलं आणि मग बायका. कावळा शिवेपर्यंत लहान मूलही घास तोंडात घालत नाही.

पूर्वी याला वेळ लागत नसे. पण आता तारकर्लीच्या बाजूला जिकडेतिकडे पर्यटक पाहुण्यांच्या राहण्याजेवण्याची घरं झाली आहेत. त्यांच्या मागच्या बाजूला माशांची डोकी, कोलंबीची सालं, चपात्यांचे तुकडे पडलेले असतात. कावळे तिकडे असतात. ज्यांना रोज सुरमईचं डोकं मिळतं ते वड्यासाठी कशाला येतील? बाबा त्या दिवशी वैतागून म्हणाले की कावळेसुद्धा आपलपोटे झाले.

त्या म्हाळाला मी गेले होते. आत्याही पिंगुळीहून आली होती. सकाळी आईने सवयीने गोळी घेतली आणि वर बिनसाखरेचा काळा चहा. काकीने विचारलं की आज गोळी कशाला घेतलीस, जेवणार कधी आहेस? आई म्हणाली की आज होईल लवकर. काकीने तिला बाजूला नेऊन चार पोहे तरी खा म्हणून विनवलं, तेव्हा आई तिच्यावर तडकली. पितरांच्या दिवशी मी उष्ट्या तोंडाने वाडी वाढू काय, असं म्हणाली. काकीने पोह्यांची बशी झाकून ठेवली. 

वाडी गडग्यावर गेली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बाबा खांद्यावर पंचा टाकून 'काव काव' करत उभे. माडावर एकही कावळा नाही. थोड्या वेळाने दोन आले, लांब काजूवर बसले, मान वाकडी करून वाडीकडे बघितलं आणि तारकर्लीच्या दिशेने उडून गेले. मग नेहमीचं सुरू झालं. कुणाची काय इच्छा राहिली असेल ती आठवून बोलून दाखवायची. आत्याने हात जोडून सांगितलं की भावंडांत भांडण होऊ देणार नाही. बाबांनी सांगितलं की जमीन विकणार नाही. पितरांना दोन्हीची खात्री वाटली नसावी. कावळा काही येईना.

मी मागच्या पडवीतून आत आले. स्वयंपाकघरात आई पाटावर बसली होती आणि तिच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं चुलीचा असेल. तिने मला विचारलं, शाळेतून कधी आलीस? मी म्हटलं, आई, मी सकाळपासून इथेच आहे. ती पुन्हा म्हणाली, डबा संपवलास का? तिचे हात थरथरत होते. मी बाबांना हाक मारायला वळले, तेवढ्यात काकी आत आली. तिने आईच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि खिरीच्या टोपावरचं झाकण काढलं.

आत्या दारातून म्हणाली की अजून शिवला नाही. काकीने ऐकलं न ऐकलंसं केलं. वाटीत खीर घेतली, आईच्या ओठाशी चमचा नेला. आणि आईने दात मिटून घेतले.

ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. धड शुद्ध नाही, घामाने पदर भिजलेला, लेकीला पुन्हा शाळकरी समजू लागलेली, पण सगळ्यांच्या आधी जेवायचं नाही एवढं एकच तिच्या आत घट्ट जागं होतं. मी रडत होते. मी म्हणत होते, आई तोंड उघड. ती मान फिरवत होती. आत जे काही उरलं होतं ते म्हणत होतं की अजून कोणी जेवलं नाही.

काकीने तो चमचा मागे घेतला आणि स्वतःच्या तोंडात घातला. खीर गिळली. मग आणखी एक चमचा खाल्ला, आईच्या डोळ्यांसमोर, सावकाश. आत्या दारात, मी बाजूला, बाहेर बाबा आणि भटजी. सगळ्यांदेखत.

"बग वयनी," ती म्हणाली, "पयली मी जेवलंय. खीर उष्टी झाली. काय पाप आसात ता माझ्या माथ्यार. आता तू मागसून जेव."

आईने तिच्याकडे पाहिलं. कोणीतरी आधी जेवलं होतं. आईने तोंड उघडलं.

अख्खी वाटी गेली, मग आणखी अर्धी. मी पाण्यात साखर कालवून आणली, तेही प्यायली. थोड्या वेळाने तिचे हात थांबले आणि तिने मला विचारलं की तू का रडतेस.  काकी आईच्या पाठीला पाठ लावून जमिनीवर बसली होती, आईला टेकायला म्हणून, आणि उरलेली खीर वाटीतून पुसून खात होती.

बाहेर कावळा आलाच नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून वाडीला शिववला आणि कार्य पार पाडलं. त्याला अशी सोय आहे. जेवणावळी झाल्या. आणि सगळ्यांदेखत, पानं उचलली जात असताना, आत्या म्हणाली, "आपलपोटी ती आपलपोटीच. आज पितरांच्याव आदी जेवली." तिचा आवाज नेहमीसारखा धारदार नव्हता, तीही घाबरली होती हे मला आता कळतं. पण सवयीने तोंडात तोच शब्द आला.

काकी हसली नाही आणि रागावलीही नाही. पानं उचलत राहिली. बोलली ती आई. आई म्हणाली, "जेवली म्हणान मी हंय आसंय." एवढंच. ती जेवली म्हणून आई इथे होती, आणि आत्याने त्यानंतर तो शब्द काकीसाठी वापरलेला मी ऐकला नाही.

त्या दिवसानंतर आईचा नियम मोडला असं म्हणता येणार नाही, पण तो वाकला. साडेअकराला दोन ताटं मांडली जायची, ती आता आईच मांडायची. दारात कोणी आलं तर हात ताटात थांबत नसे. सुरमई केली की झाकणाखाली मधल्या दोन तुकड्या असायच्या. आईचे सुस्कारे कमी झाले, हा त्यातला सगळ्यांत मोठा फायदा. बाबांना तर वाटलं की आईची साखर बरी झाली.

मीही शिकले. सासरी माझं ताट मी सगळ्यांबरोबर मांडते आणि गरम जेवते. सुरुवातीला एकदोन भुवया उंचावल्या, आता सवय झाली. सासूबाईही हल्ली माझ्याबरोबर बसतात. शाळेतून उपाशी घरी आले तर आधी खाते आणि मग मुलांवर ओरडते, त्यामुळे ओरडणं निम्म्यावर आलंय. हे सगळं काकीचं देणं आहे. तिने मला कधी बसवून काही सांगितलं नाही. ती फक्त पायरीवर बसून वेळेवर जेवत राहिली.

काकी दोनेक वर्षांपूर्वी गेली. फार दिवस अंथरुणाला खिळली नाही. शेवटच्या आजारात तिचं जेवण कमी झालं तेव्हाच आईला कळलं होतं. डॉक्टर धीर देत होते, पण आई मला म्हणाली की तिने काल मधली तुकडी परत केली.  मी काकीशेजारी बसून होते, तिचा हात हातात धरून, आणि तिचे आभार मानायचे म्हटले तर कुठून सुरुवात करावी ते समजत नव्हतं. शेवटी म्हटलं, काकी, मी जेवून आले. तिने डोळे मिटले आणि बरं म्हणाली.

गेल्या वर्षीच्या म्हाळाला पहिल्यांदा तिच्या नावाचं पान वाढलं. आई थकली आहे, पण वडे तिनेच थापले. खीर तिनेच ढवळली. आत्या आता काठी टेकत चालते, तरी पिंगुळीहून गाडी करून आली. बाबा गडग्यावर वाडी ठेवून उभे राहिले. माडावर कावळा नाही. तारकर्लीला पाहुण्यांची गर्दी होती, म्हणजे कावळे कुठे असतील ते सांगायला नको. आम्ही थांबलो. बाबा काय बोलावं ते आठवत होते, कारण काकीची राहिलेली इच्छा कोणालाच ठाऊक नव्हती. तिने स्वतःची कुठली इच्छा उधारीवर ठेवलेलीच नव्हती.

आई आत वळली. मला वाटलं गोळी घ्यायला गेली असेल. गोळी तिने घेतलीच, आणि मग केळीचं एक पान घेऊन स्वयंपाकघरात मांडलं. वडे घेतले, सांबार घेतलं, खिरीची वाटी भरली आणि ती पाटावर बसली.  दारात आत्या काठी धरून उभी होती आणि बघत होती.

आईने पहिला घास हातात घेतला आणि कोणी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "मी जेवल्याशिवाय तिचो कावळो शिवाचो नाय." आणि तो घास तोंडात घातला.

 आत्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली, भिंतीचा आधार घेत घेत आईच्या समोर जिथे काकी बसायची तिथे खाली बसली, आणि मला म्हणाली, "माझाव पान मांड गो. माका भूक लागली."

मी तिचं पान मांडलं, माझंही मांडलं. बाहेर बाबा काहीतरी ओरडून सांगत होते, कावळ्याचंच असेल. आम्ही तिघी जेवत होतो, बघायला कोणी उठलं नाही.